बिस्किटी रंगाचं कसब

काश्मिरी गालिचा समोर आला की माणूस चप्पल काढतो, वाकतो, कोपरा उलटून गाठी बघतो. नायलॉनच्या बिस्किटी गालिच्यावरून तोच माणूस मोबाइलवर बोलत बोलत निघून जातो. हॉटेलच्या पॅसेजमध्ये, ऑफिसच्या कॉन्फरन्स रूममध्ये, अमेरिकेतल्या भाचीच्या दिवाणखान्यात हा गालिचा पायाखाली असतो आणि कुणाच्या नजरेत भरत नाही. मला विचाराल तर रंगाऱ्याच्या विद्येचा कस बघायला याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. गर्द निळा किंवा मरून रंगवणं त्यामानानं सोपं. रंग भरपूर असला की बारीकसारीक चुका त्यात बुडून जातात. बिस्किटी रंगात चुकीला लपायला आडोसा नसतो. शिवाय या फिकट, बिचाऱ्या रंगाकडून अपेक्षा दोन आणि दोन्ही अवघड: खिडकीतून रोज येणारं ऊन सोसायचं आणि वर सांडलेलं सरबत पिऊन टाकायचं नाही.

ही विद्या पिकली ती अमेरिकेत, जॉर्जिया राज्याच्या उत्तर टोकाला असलेल्या डाल्टन गावात. १८९५ च्या सुमारास तिथल्या कॅथरिन इव्हान्स नावाच्या पोरसवदा मुलीनं जाड सुताचे टाके घालून, ते कापून, फुलवून एक पलंगपोस केला. बघता बघता आसपासच्या घरोघरी बायका पलंगपोस करू लागल्या, मग टाके घालणारी यंत्रं आली, यंत्रं रुंद होत गेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्यावर गालिचे निघू लागले. सूत मागे पडलं आणि नायलॉन आलं. आज तिथला गालिचा साधारणपणे बारा फूट रुंद निघतो. हे बारा फूट लक्षात ठेवा. रंगाऱ्याची निम्मी झोप त्यांनीच उडवलेली असते.

आता गालिच्याची लव दोन बोटांनी फाकवून बघा. चांगल्या कामात टोकापासून बुडापर्यंत छटा तीच दिसते. एक झुबका उपटून पीळ सोडवलात तर केसासारख्या बारीक तंतूंचा पुंजका हाती येतो. त्यातला एक तंतू आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तो गोल नसतो, तीन पाकळ्यांचा असतो. हा आकार मुद्दाम दिलेला. उजेड त्या पाकळ्यांवरून फाकतो आणि बसलेली धूळ भिंगातून दिसावी तशी मोठी होऊन दिसत नाही. रंगाऱ्याच्या हाती धागा येतो तेव्हाच त्याचं रंगरूप असं निम्मं ठरलेलं असतं. उरलेल्या निम्म्यासाठी त्याच्याकडे तीन डबे असतात.

बिस्किटी रंगाचा डबा मिळत नाही. नारिंगी, लाल आणि निळा अशा तीन अ‍ॅसिड रंगांतून तो जुळवावा लागतो. नायलॉन गालिच्यांच्या धंद्यात गाजलेलं एक त्रिकूट म्हणजे अ‍ॅसिड ऑरेंज १५६, अ‍ॅसिड रेड ३६१ आणि अ‍ॅसिड ब्लू २७७. नावं रुक्ष आहेत, संगत मात्र देखणी. फिकट बिस्किटी छटेला शंभर किलो धाग्यामागे तिन्ही मिळून पन्नास-साठ ग्रॅम रंग पुरतो. म्हणजे एका मोठ्या दिवाणखान्याच्या गालिच्यात जेमतेम मूठभर भुकटी. त्यातला निळा तर चिमूटभरच. तो जरा कमी पडला की गालिचा गुलाबी झाक मारतो आणि जरा जास्त झाला की आजारी दिसतो. आपल्याकडच्या प्रोसेस हाऊसमधला डाइंग मास्टर लॅब डिप, म्हणजे रंगवलेला नमुना, आधी ट्यूबलाइटखाली धरतो आणि मग दारात, उन्हात नेऊन बघतो. तीन रंगांतून जुळवलेली छटा एका उजेडात जुळते आणि दुसऱ्यात फुटते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. गालिच्याच्या रंगाऱ्याला तर दुकानातला दिवा, घरातला पिवळा बल्ब आणि खिडकीतला दिवस या तिघांचंही समाधान करायचं असतं.

पण छटा जुळवणं ही सुरुवात झाली. खरी गंमत पुढे आहे. कुठलाही रंग उन्हात थोडाफार उडतोच. रंगाचा रेणू उजेड शोषतो म्हणूनच तो रंगीत दिसतो, आणि तोच शोषलेला उजेड हळूहळू त्याला मोडतो. गडद छटेत दहा रेणूंपैकी एक गेला तर नजरेला पत्ता लागत नाही. फिकट छटेत मुळात रेणूच थोडे, त्यामुळे तूट पटकन दिसते. आता या थोड्यांतला निळा आधी उडाला तर गालिचा सोफ्याच्या कडेकडेनं पीचच्या रंगाचा होणार. नारिंगी आधी उडाला तर जांभळट. म्हणून जाणता रंगारी तीन ‘पक्के’ रंग शोधून थांबत नाही. तो एकाच वेगानं उडणारे तीन रंग शोधतो. सगळ्यात पक्का निळा घेऊन त्याच्याशेजारी मध्यम नारिंगी बसवण्यापेक्षा तिघेही सारखेच मध्यम असलेले परवडले. त्यातही एक खोच आहे. एकटा असताना शहाण्यासारखा वागणारा रंग जोडीदाराच्या संगतीत बिघडू शकतो. काही पिवळे रंग शेजारच्या निळ्याचं उडणं चक्क वेगवान करतात. म्हणून परीक्षा सुट्या रंगांची घेऊन भागत नाही, मिश्रणाचीच घ्यावी लागते. झेनॉन दिव्याखाली गालिच्याचा तुकडा आणि त्याच्या शेजारी निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या ठेवतात. प्रत्येक पट्टी वेगळ्या निळ्यानं रंगवलेली आणि आधीच्या पट्टीपेक्षा साधारण दुप्पट काळ टिकणारी. तुकडा कितव्या पट्टीबरोबर विटतो, तो त्याचा क्रमांक. आकडा महत्त्वाचा आहेच, पण जाणकार तुकड्याकडे तिरक्या नजरेनं बघून वेगळंच तपासतो: विटला तो कुठल्या दिशेनं? पंधरा वर्षांनी कोपऱ्यातलं कपाट हलवलं आणि खालचा चौकोन फक्त थोडा गडद दिसला, वेगळ्या रंगाचा दिसला नाही, तर समजावं की कुणीतरी फार विचार करून तीन डबे निवडले होते.

उजेडाशिवायही रंग उडतो, हा धडा या धंद्याला १९६० च्या दशकात मिळाला. तेव्हा नायलॉनवर डिस्पर्स रंग लोकप्रिय होते. ते धाग्यातल्या रासायनिक फरकांकडे लक्ष न देता सगळीकडे सारखे पसरत, त्यामुळे गालिचा निघायचा एकसारखा, गुळगुळीत. पण मेक्सिकोच्या आखाताकाठच्या दमट गावांतून तक्रारी येऊ लागल्या की सोफ्यामागे, जिथे ऊन कधी पोचत नाही तिथेही निळा रंग नाहीसा होतोय. दोषी निघाला हवेतला ओझोन. ओलसर हवेत नायलॉन किंचित फुगतं, ओझोन आत शिरतो आणि डिस्पर्स ब्लू ३ सारख्या निळ्याला खाऊन टाकतो. तेव्हापासून दमट हवेतल्या ओझोनची वेगळी चाचणी आली आणि धंदा अ‍ॅसिड रंगांकडे वळला. सहज पसरणारा रंग सहज निसटतोही, हा तिढा या सगळ्या कलेच्या मुळाशी आहे. पुढे डागांची गोष्ट येते तिथेही तोच भेटेल.

अ‍ॅसिड रंग नायलॉनला धरतो कसा? नायलॉनच्या लांब साखळीच्या टोकांवर अमाइन गट असतात. पाणी आंबट असलं की ते धन भार घेतात, आणि ऋण भाराचे रंगाचे रेणू तिथे येऊन बसतात. पंगतीत पाट मांडून ठेवावेत तसा हा प्रकार आहे, आणि किती पाट मांडायचे हे धागा बनवणाऱ्याच्या हातात असतं. गालिच्याच्या नेहमीच्या नायलॉन ६६ मध्ये किलोमागे साधारण ४० मिलिइक्विव्हॅलंट इतकी ही टोकं असतात. दोन लॉटमध्ये हा आकडा थोडासा जरी हलला तरी शेजारशेजारच्या धाग्यांच्या रंगात फरक पडतो आणि गालिच्यावर लांबच लांब पट्टे उठतात. धाग्याचा पीळ पक्का करायला त्याला वाफेत किंवा कोरड्या उष्णतेत तापवतात. तिथलं तापमान काही अंशांनी ढळलं तरी तेच पट्टे. फ्रान्सच्या सुपर्बा यंत्रात दाबाखालच्या वाफेनं तापवलेला धागा मोकळा होतो आणि भराभर रंग घेतो. जर्मनीच्या झ्यूसेन यंत्रातला, कोरड्या तापातून निघालेला, अंग आखडून बसतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो रंगाच्या पाण्यातच, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

याच दुखण्यातून एक सुंदर खेळ निघाला. पाटांची संख्या बदलल्यानं रंग बदलतो ना, मग मुद्दाम बदलू या! अमाइन टोकं वीसच्या खाली ठेवलेला धागा फिकट रंगतो, साठच्या वर नेलेला गडद. तिसऱ्या धाग्याच्या साखळीत ऋण भाराचे सल्फोनेट गट गुंफले की तो अ‍ॅसिड रंगांना जवळजवळ झिडकारतो आणि उलट भाराचे कॅटायॉनिक रंग घेतो. हे तिन्ही पांढरे धागे एकाच गालिच्यात घालायचे आणि एकाच पाण्यात बुडवायचे. आत जाताना कोरा असलेला गालिचा बाहेर येतो तो ट्वीडच्या कोटासारखा तिरंगी. एका हंडीतून तीन रंग, आणि कुंचला कुणी हातात धरला नाही! ऑफिसांतल्या ठिपक्याठिपक्यांच्या गालिच्यांमागे बऱ्याचदा हीच करामत असते. त्यातला तिसरा, झिडकारणारा धागा पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे.

आता रंगवण्याच्या यंत्रापाशी येऊ. बारा फुटी गालिचा न थांबता सरकत असतो. आधी तो भिजवून व्हॅक्यूमनं सारखा निपटतात, मग त्याच्यावर त्याच्या वजनाच्या तिप्पट-चौपट रंगीत पाणी धबधब्यासारखं सोडतात आणि लगेच वाफेच्या बोगद्यात ढकलतात. शंभर अंशांच्या आसपास, चार-पाच मिनिटं. एवढ्या वेळात रंग आत गेला तर गेला. त्या पाण्यात दाटपणासाठी गोंद असतो आणि हा गोंद बऱ्याचदा गवारीच्या बियांचा, म्हणजे राजस्थानच्या शेतातून निघून जॉर्जियात पोचलेला. गोंद नसेल तर पाणी लवेच्या टोकांवरून ओघळून बुडाशी साचतं. गोंदानंही भागत नाही, कारण वाफ थंड धाग्यावर पडून जे पाणी होतं ते टोकांवरचा रंग धुऊन नेतं आणि गालिच्यावर दव पडल्यासारखी पांढुरकी झाक राहते. त्यावरचा इलाज मला फार आवडतो. रंगात थोडा फेस करणारा पदार्थ घालतात. वाफ लागताच बुडापासून बुडबुडे फुलतात आणि रंगाला वर, अगदी टोकापर्यंत उचलून नेतात. दोन बोटांनी लव फाकवून आपण जी एकसारखी छटा बघितली, ती या क्षणभंगुर फेसानं दिलेली असते.

आंबटपणाचा हिशोब याहून नाजूक. सुरुवातीलाच पाणी आंबट ठेवलं तर रंग दिसेल त्या पहिल्या पाटावर बसतो आणि हलत नाही. टोकं गडद, पोट कोरं. म्हणून पाणी आधी जवळजवळ उदासीन ठेवतात. रंग इकडे तिकडे फिरतो, बसतो, उठतो, दाटीतून मोकळ्या जागी सरकतो. मग तापमान वाढेल तसा आम्ल सोडणारा पदार्थ आपोआप फुटतो, पाणी हळूहळू आंबट होत जातं आणि सगळे आपापल्या जागी पक्के होतात. शिवाय बिनरंगी असे काही सहायक रेणू आधीच पाटांवर बसवून ठेवलेले असतात. रंग येईल तसे ते उठून जागा देतात, त्यामुळे एकदम झुंबड होत नाही. एवढं सारं नीट जमलं का, याची परीक्षा गालिच्याच्या काठांवर होते. खोली बारा फुटांहून रुंद असली की एका पट्ट्याचा उजवा काठ दुसऱ्याच्या डाव्या काठाला जोडला जातो. तीनशे फूट लांब गालिच्याचे दोन्ही काठ आणि मध्य एकमेकांशी जुळले नाहीत तर जोडाची रेघ जन्मभर डोळ्यात खुपते. एरवी बारा फूट अंतरावर असलेल्या दोन काठांमधला फरक कुणाच्या लक्षात आला नसता. इथे ते गालाला गाल लावून बसतात. चांगल्या गिरणीत हे काठ-मध्य-काठ जुळवणं मशीनच्या आकड्यांवर सोडत नाहीत. शेवटचा शब्द अनुभवी डोळ्याचा असतो.

इथवरचं कसब रंग आत नेण्याचं. आता उलटी बाजू. आपण केलेला हिशोब आठवा: शंभर किलोला पन्नास-साठ ग्रॅम रंग. रंगाच्या रेणूचं वजन पाचशेच्या घरात धरलं तर तो ४० पैकी एक-सव्वा पाट अडवतो. बाकीचे सगळे रिकामे! फिकट गालिच्यावर डाग जास्त दिसतो हे कुणीही सांगेल. तिथे डागाला बसायला जागाही जास्त असते, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि डाग म्हणजे तरी काय? अमेरिकन मुलांच्या लाल चेरी सरबतात असतो तो अलुरा रेड, म्हणजे रेड ४०. तो स्वतः अ‍ॅसिड रंगांच्याच जातकुळीतला आहे, अंगावर दोन सल्फोनेट गट बाळगणारा. सरबतात सायट्रिक आम्लही असतं. म्हणजे पोरानं गालिच्यावर सांडला तो रंगाऱ्याच्या पद्धतीनं, रंगाऱ्याच्याच आंबटपणावर तयार केलेला रंगाचा बाथ. फक्त वाफ नाही. नायलॉनला रंग आणि डाग यांतला भेद कळत नाही. तो भेद शिकवणं ही रंगाऱ्याची दुसरी परीक्षा.

परीक्षेचा कागद तर थेट सरबताचाच आहे. अमेरिकन रंगतज्ज्ञांच्या संस्थेच्या १७५ क्रमांकाच्या चाचणीत एक लिटर पाण्यात १०० मिलिग्रॅम रेड ४० घालतात, सायट्रिक आम्लानं पीएच २.८ वर आणतात, गालिच्यावर कडं ठेवून आत ओततात आणि एक दिवस तसंच राहू देतात. मग धुऊन लाल छटांच्या पट्टीशी ताडतात. १० म्हणजे डागाचा मागमूस नाही, १ म्हणजे गालिचा गेला. प्रश्नपत्रिका इतकी घरगुती असलेली दुसरी औद्योगिक चाचणी मला तरी आठवत नाही.

१९८६ मध्ये ड्युपॉन्टनं स्टेनमास्टर हा डागरोधक गालिचा बाजारात आणला आणि त्याच सुमारास मॉन्सॅन्टोसारखे प्रतिस्पर्धीही उतरले. जाहिरातीत उंच खुर्चीतलं बाळ ताटलीचं विमान करून ते जमिनीवर आदळवतं. हसू येतंच, पण जाहिरातीमागचं रसायन जास्त चतुर होतं. ते आलं कातडं कमावण्याच्या धंद्यातून. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून केलेली, सल्फोनेट गट जोडलेली कृत्रिम टॅनिनं नायलॉनच्या रंगाऱ्यांना आधीपासून ठाऊक होती. कपड्याचा रंग धुण्यात सुटू नये म्हणून ती शेवटी लावत. त्यांचा उपयोग आतल्याला बाहेर जाऊ न देण्याचा. कुणाला तरी सुचलं की जे आतल्याला अडवतं ते बाहेरच्यालाही अडवेल. गालिचा रंगवून धुतला की पीएच दोन-अडीचच्या जवळपास उतरवलेल्या पाण्यातून हे टॅनिन देतात आणि पुन्हा थोडी वाफ. रेणू अंगानं मोठे. आत खोल जाता येत नाही म्हणून तंतूच्या कातडीलगतच ते थांबतात, काठावरचे रिकामे पाट अडवतात आणि आपल्या ऋण भारानं येणाऱ्या लाल रेणूंना परतवतात. तंतूच्या आत मोकळे पाट तसेच राहतात, पण तिथवर कुणी पोचत नाही. सगळं पोट भरण्याऐवजी एवढी पातळ कड पुरते, या काटकसरीचं मला फार कौतुक वाटतं. अर्थात काठावर बसलेलं काठावरूनच निघतं. अल्कलीच्या जोरकस साबणानं घासून धुतलं की हे कवच सुटतं, आणि ‘डाग न पडणारा’ गालिचा दोन धुलाईंनंतर साधा गालिचा होऊन बसतो.

आणि ज्या बिस्किटी रंगासाठी हा खटाटोप, त्यालाच या औषधानं बट्टा लावला. फिनॉलच्या जातीचे रेणू उजेडात आणि गॅसच्या शेगडीतून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडांच्या धुरात पिवळे पडतात. तीन रंगांचं उडणं ज्या बारकाईनं जुळवलं होतं, त्यावर आता चौथा, न बोलावलेला पिवळा चढू लागला. गडद हिरव्या गालिच्यात तो खपून जातो, बिस्किटीत पहिल्या उन्हाळ्यात दिसतो. डागाविरुद्धची ढाल उन्हापुढे कच्ची! मग मेथाक्रिलिक आम्लाचे आणि स्टायरीन-मलेइक अ‍ॅनहायड्राइडचे पॉलिमर आले. त्यांच्यात फिनॉल नसल्यानं ते पिवळे पडत नाहीत. जुनं टॅनिन मात्र डाग अडवण्यात चिवट. म्हणून पुष्कळदा दोन्ही मिसळून देतात, आणि किती मिसळायचं याचं प्रमाण ठरवताना एका हातात सरबताचा पेला व दुसऱ्या हातात झेनॉन दिवा धरल्यासारखी कसरत होते.

याहून देखणी चाल वेगळीच. तो तिसरा, सल्फोनेट गुंफलेला धागा आठवतो? ट्वीडच्या खेळात त्याची भूमिका अ‍ॅसिड रंगांना झिडकारण्याची होती. सरबताचा लाल हा अ‍ॅसिड रंगच, तेव्हा हा धागा वरून काहीही न लावता त्यालाही झिडकारतो. ढाल धाग्याच्या हाडातच आहे. साबणानं सुटायची नाही. अडचण एवढीच की त्याला रुचतात ते कॅटायॉनिक रंग, आणि नायलॉनवर ते उन्हाला फारच कच्चे. डाग टळला, रंग गेला. इथे रंगाऱ्यांनी धाग्याच्या स्वभावाविरुद्ध जायचं ठरवलं. नको म्हणणाऱ्या धाग्यालाच अ‍ॅसिड रंग पाजायचे, पण निवडून. १:२ धातुसंकर रंगांत क्रोमियम किंवा कोबाल्टच्या एका अणूला रंगाचे दोन रेणू मिठी मारून असतात. जोड मोठी असते, पाण्यापेक्षा नायलॉनच्या तेलकट अंगाशी जास्त जमवून घेणारी, आणि पकड केवळ भारावर अवलंबून नसलेली. उकळत्या वाफेत, योग्य आंबटपणावर ती आत शिरते आणि बसते. घरातल्या गार जमिनीवर सांडलेल्या रेड ४० जवळ ना ती वाफ, ना तो तेलकटपणा. उलट अंगावरचे दोन सल्फोनेट त्याला बाहेरच ठेवतात. एकाच दरवाज्यातून यजमानाला प्रवेश आणि आगंतुकाला मनाई, तीही निव्वळ तापमान आणि रेणूच्या घडणीच्या जोरावर. शिवाय धातूच्या मिठीतला रंग उन्हाला भलताच पक्का. मोटारींच्या अंतर्भागात, जिथे ऊन काचेतून भाजून काढतं, तिथे याच जातीवर भिस्त असते. या रंगांचा एकच दोष, ते झगमगत नाहीत. मिळतात त्या छटा मंद, मातकट, धुरकट. बिस्किटी रंगाला यापरतं दुसरं काय हवं!

स्टेनमास्टरच्या त्या काळात गालिच्यांवर शेवटचा हात फ्लोरिन संयुगांचा असे. त्यानं तेलकट मळ चिकटत नाही, पाणी मण्यांसारखं घरंगळतं. ग्राहकाला नेमकं हेच दिसतं आणि हेच आवडतं, पण रसिकाला इथे दाद देववत नाही. ही संयुगं निसर्गात मोडत नाहीत. डाल्टनच्या गिरण्यांचं पाणी ज्या कोनासॉगा नदीच्या खोऱ्यात गेलं, तिच्या खालच्या अंगाला असलेल्या जॉर्जियातल्याच रोम शहराला आपल्या पिण्याच्या पाण्यासाठी २०१९ मध्ये कोर्टाची पायरी चढावी लागली. थ्री-एमनं तर २००० मध्येच आपलं जुनं स्कॉचगार्डचं फ्लोरिनयुक्त रसायन बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. रंगाऱ्याच्या पन्नास ग्रॅम रंगातल्या काटकसरीशेजारी हा सढळ फवारा मला नेहमीच आडदांड वाटत आला आहे.

ऊन आणि डाग या दोन्ही परीक्षांना बगल देणारी एक वाटही आहे. सोल्युशन-डाइड नायलॉन म्हणजे वितळलेल्या पॉलिमरमध्येच रंगद्रव्य कालवून ओढलेला धागा. तो ऊन, ब्लीच, सरबत सगळ्यांना पुरून उरतो आणि इस्पितळं-विमानतळांसाठी उत्तमच. पण तिथे छटा धागा बनतानाच ठरते. वाफेच्या बोगद्यातली ती चार-पाच मिनिटं, काठाशी काठ जुळवण्याची ती धाकधूक, यांतलं तिथे काही उरत नाही. उपयोगाची गोष्ट आहे. रस घ्यायला मला तरी कमी पडते.

एका डागापुढे मात्र हे सगळे बंदोबस्त थिटे पडतात, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. अमेरिकेत हॉटडॉगवरच्या पिवळ्या मस्टर्डमध्ये हळद असते, आणि गालिच्यांच्या वॉरंटीतल्या बारीक अक्षरांत मस्टर्डचं नाव अपवादांच्या यादीत सापडतं. कारण साधं आहे. हळदीतलं कर्क्युमिन अंगावर ऋण भार घेऊन येत नाही. टॅनिनची कड असो की धाग्यातले सल्फोनेट, ही सारी व्यवस्था भार बघून अडवते. कर्क्युमिनचा छोटासा बिनभाराचा रेणू जुन्या डिस्पर्स रंगांसारखा सरळ आत जाऊन बसतो. अमेरिकेतल्या एडिसनच्या किंवा फ्रीमाँटच्या मराठी घरात आमटीची वाटी कलंडली तर स्टेनमास्टरचं लेबल कामाला येत नाही. पण जो सहज शिरतो तो सहज निसटतो, आणि कर्क्युमिन उजेडात झपाट्यानं मोडतं. हळदीचे हात लागलेला पांढरा सदरा धुऊन उन्हात टाकायचा, हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला सांगावं लागत नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकलेला गालिचा दोरीवर टाकता येत नाही, हे खरं. मग ओल्या फडक्यानं टिपून घ्यायचं, अल्कलीचा साबण मुळीच लावायचा नाही आणि काही दिवस त्या खिडकीचा पडदा सरकवून ठेवायचा. हळद फिकटत जाते. तिच्या खालचा धातुसंकर बिस्किटी त्याच उन्हात बसलेला असतो, आणि एवढ्याशा उन्हानं त्याचं काही बिघडत नाही.